बादलीत न टाकलेला कप

बाई, तुमचं एक सांगणं मी मोडलं. तो कप बादलीत टाकला नाही.

चिंचपोकळीच्या तुमच्या गाळ्यात मी पहिल्यांदा आले ती ऑफिसातून परस्पर, इस्त्रीच्या कपड्यांत. शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही मातीकामाचा वर्ग काढला होता. शेजारी सगळे लेथवाले. त्यांची लेथ यंत्रं चालू असताना आपली विजेची भट्टी लावली की फ्यूज उडायचा, म्हणून भट्टी फक्त रविवारी, आणि प्रत्येक भांडं एकदाच भाजायचं. बाकीचे लोक आधी भांडं भाजून घेतात, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखी चकाकी देणारा पातळ लेप, लावून पुन्हा भाजतात. आपण वाळलेल्या कच्च्या मातीवरच ग्लेझ लावायचो. घाई केली तर माती त्यातलं पाणी पिते आणि भांडं हातातच ढासळतं. "आज आतून, उद्या बाहेरून," हे तुम्ही इतक्यांदा म्हणायचात की मी घरी कुकर लावतानाही तेच पुटपुटायचे. मधल्या वेळात तुम्ही कप गालाला लावून बघायचात. गार लागला तर, "अजून ओला आहे गं, थांब."

माझा पहिला कप एका अंगाला कलला होता. मी तो ग्लेझच्या डब्यांमागे लपवला. तुम्ही शोधून काढलात आणि सरळ पाण्याच्या बादलीत सोडलात. बुडबुडे येतायत, काठ विरघळतोय, आणि माझे डोळे भरलेत. "कच्चं आहे तोवर ती मातीच. पुन्हा कर. भाजलेलं वाकडं मात्र जन्मभर वाकडं राहतं. पटलं का?" "पटलं, बाई," मी म्हणाले.

पुढे तुमचा उजवा हात थरथरायला लागला. शेवटचं चाकावर बसलात तेव्हा झालेला कप माझ्या त्या कपाहूनही वाकडा होता, पोटावर तुमच्या अंगठ्याचा खड्डा. तुम्ही हसलात. "बघत काय बसलीस? उद्या बादलीत टाक." दुसऱ्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात होतात, आणि गाळ्यात परत आला नाहीत. मी कप वर्तमानपत्रात गुंडाळून करी रोडला घरी नेला. आठ वर्षं तो कपाटात होता, कच्चाच. वर्ग मी चालवत राहिले. दर रविवारी भट्टी लावताना तो आठवायचा, पण धीर व्हायचा नाही.

आता ती इमारत पाडतायत. गेल्या रविवारी शेवटची भट्टी. आता भाजला नाही तर कधीच नाही, आणि ग्लेझ लावताना ढासळला तर तुमच्या हातचं माझ्याकडे काहीच उरणार नाही. शुक्रवारी आतून लावलं. शनिवारी सकाळी गालाला लावला, गार. थांबले. दुपारी पुन्हा लावला, तेव्हा शेजारचा लेथवाला दारातून म्हणाला, "काय ताई, कपाला ताप आलाय काय?" हसू आलं आणि रडूही. संध्याकाळी बाहेरून ग्लेझ लावलं. अंगठ्याचा खड्डा तेवढा मोकळा सोडला.

भट्टीतून निघाला, अख्खा आणि वाकडा. टेबलावर डुगडुगतो, चहा भरला की जास्तच. तुम्ही असतात तर चांगलंच ओरडला असतात. ओरडायला तरी तुम्ही हव्या होतात, बाई. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. चार घड्या घालून कपाखाली सरकवणार आहे, म्हणजे तो नीट उभा राहील. आणि तेव्हा मी "पटलं" म्हणाले ना, ते मला कधीच पटलं नव्हतं.