खाट भरायला लागणारा वेळ

आई,

आज तुझ्या वॉर्डात गेले होते, कामासाठी. हॉस्पिटलचा कारभार नव्या पद्धतीने सुरू झाला, त्याने कितपत फरक पडला हे मोजायचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय. माझ्या वाट्याला खाटा आल्या. एक पेशंट गेला की त्या खाटेवर दुसरा येईपर्यंत किती वेळ जातो, ते मी बघायचं. मधला वेळ वाया गेला असं धरायचं. तू असतीस तर पदर खोचून माझ्याशी भांडली असतीस.

कारण तू तिथे सिस्टर होतीस आणि तुझी रीतच उलटी. पेशंट दगावला की तू चादर बदलायचीस, पण खाट लगेच कुणाला द्यायची नाहीस. गेलेल्याचं कामावरून, गावाहून धावत येणारं कोणीतरी असतं, त्याला टेकायला जागा नको का? शाळा सुटल्यावर मी तुझा डबा घेऊन यायचे. एकदा मी म्हटलं, "अगं, ती बाई खाली जमिनीवर पडलीय, तिला दे ना ती खाट." चिडलीस की तुझ्या तोंडी मालवणी यायची. हातातला घास तसाच धरून म्हणालीस, "माणूस गेलो म्हणान लगेच त्येची जागा पुसून टाकूची? गप ऱ्हव." मला ते पटलं नव्हतं.

मग तू गेलीस, त्याच वॉर्डात. मी साकीनाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेली. पोचले तोवर तुला खाली शवागारात नेलं होतं. तुझ्या हाताखाली तयार झालेली सिस्टर मला हाताला धरून खिडकीजवळच्या तुझ्या खाटेकडे घेऊन गेली. "बस गं, कुणाला दिली नाहीये." उशीला तुझ्या खोबरेल तेलाचा वास होता. मी त्या खाटेवर बसून पोटभर रडले. शेजारी जमिनीवर सलाइन लावलेली एक बाई होती. मला नीट रडता यावं म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची ती पाठ मी अजून विसरलेले नाही.

म्हणून रिपोर्टात जे आहे तेच लिहिलं. वॉर्ड सुधारलाय, आई. जमिनीवर कुणी नाही. खाट रिकामी होते न होते तोच भरते. तुझी ती सिस्टर आता इनचार्ज आहे, केस पिकलेत. म्हणाली, "तुझ्या आईची रीत बंद झाली गं. खाट अडवली की वरून फोन येतो ना." मी मान हलवली. ते फोन आमच्यासारख्यांच्या रिपोर्टांमुळेच येतात, हे तिलाही ठाऊक होतं.

निघताना खिडकीजवळच्या खाटेकडे गेले. दोन मिनिटं टेकायचं होतं, बस्स. तिथे एक म्हातारी बाई झोपली होती. मला डॉक्टर समजून हसली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय, मॅडम."

मीही हसले. पण हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुला सांगते. मला तिचा राग आला.