झाकणाचे डबे आणि चौकातली दोरी

यादिरा,

कॉमिक्स गायब दिसली म्हणून बोंब मारू नकोस, चोर तुझा आजोबाच आहे. तू आणलेल्या डब्यांत दोन दिवस ठेवून पाहिली. ग्वायाकिलच्या या हवेत घट्ट झाकणाखाली त्यांना घाम फुटतो गं! लहान डबे परत देऊन टाक. मोठा मात्र झकास आहे, पालथा घातला की त्यावर दोन वाचक आरामात बसतात.

हो, सकाळपासून चौकात आहे. पूर्वीसारखी दोरी बांधून अंक वाचायला लटकवलेत. चिमटे कमी पडले म्हणून घरी आलो होतो. तुझे ओले कपडे खुर्चीवर आहेत. गुडघ्याचं काही बोलू नकोस, बसूनच असतो. कच्च्या केळ्याचा गोळा, बोलोन, गॅसवर झाकून ठेवलाय.

शेवटचं पान फाटलेले अंक तू रद्दीत काढले होतेस, तेही नेलेत. त्यांचे शेवट तुझी आजी वाचणाऱ्यांना तोंडी सांगायची. आज मी सांगायला गेलो, तर म्हातारी ओर्तेन्सिया भर चौकात ओरडली, "काहीतरीच काय! सेल्मिरा असं नव्हती सांगत!"

तुला झोपवताना आजी तेच शेवट सांगायची ना? खाऊन झालं की ये. लोक शेवटासाठी खोळंबलेत, आणि मीही.

आजोबा