रेघेच्या आतलं घर

अप्पा,

तुमच्याशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. म्हणून आज लिहिते आहे. माझं काम काय, हे तुम्हाला कधी सांगायची वेळच आली नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होते. आता मी विमानांच्या आवाजाचा हिशेब करते. दिवसाला किती विमानं येणार, कुठल्या वाटेनं चढणार, कोणत्या गावावरून किती उंचीनं जाणार, हे सगळं संगणकात घालायचं. मग तो धावपट्टीभोवती नकाशावर लांबट रेघा काढतो. धावपट्टीच्या जवळची रेघ सगळ्यात मोठ्या आवाजाची, लांबची कमी आवाजाची. अजून एकही विमान उडालेलं नसतं, आणि कुणाच्या अंगणात किती आवाज होणार ते मी सांगून मोकळी होते. तुम्ही म्हणाला असता, "म्हंजे पंचांग बघायचं काम हाय की." हसू नका, पगार मिळतो त्याचा.

यंदा आपल्याच गावाशेजारची धावपट्टी लांब करायचं निघालं आणि तो हिशेब माझ्याकडे आला. आपल्या घरात आता अक्का राहते. तिच्या मुलाचं लग्न ठरलंय, वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. नियमाप्रमाणे आतल्या रेघेत जी घरं येतील, त्यांना नवा मजला बांधायला परवानगी नाही. पहिल्यांदा मी हिशेब केला तेव्हा घर जेमतेम एका वावराच्या अंतरानं रेघेच्या बाहेर राहिलं. मी लगेच अक्काला फोन केला. तिनं तिथल्या तिथे गवंड्याला निरोप धाडला. खरं तर मी इतकी घाई करायला नको होती, पण तिला चांगली बातमी सांगायची संधी मला फार वेळा मिळत नाही.

मग मला राहवेना. त्या हिशेबात हवा धरली होती वर्षाच्या सरासरीची, म्हणजे बऱ्यापैकी गार. आपल्याकडच्या उन्हाळ्याला सरासरी काय ठाऊक? तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचलून धरत नाही, ते सावकाश चढतं आणि गावावरून जाताना खालीच राहतं. त्यात आपली माणसं फाल्गुनापासून दारं-खिडक्या उघड्या टाकून अंगणात बसणार. मी मे महिन्याची हवा घालून पुन्हा हिशेब केला. रेघ सरकली, गाव ओलांडून पार ओढ्यापर्यंत गेली. आपलं घर आत.

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुझ्या कंप्युटरात एक रेघच हाय नव्हं? जराशी हिकडं सरकव की. कोण बघतंय?"

"अक्का, आवाज लई होणार हाय तिथं."

"आवाजाचं मला सांगतीस? गिरणीच्या भिंतीला पाठ लावून वाढलो आपण. काय झालं आपल्याला?"

आम्हा दोघी बहिणींना काही झालं नाही, अप्पा. तुम्हाला झालं. इंजिन सुरू झालं की घरातली भांडी थरथरायची, आणि तुम्ही दिवसभर त्या पिठात उभे. मी शाळेत कुणाचं तरी ऐकून कापसाचे बोळे घेऊन आले होते, तर केवढे तापलात! "बोळे घालून गिरणी चालवू? दगड काय म्हणतोय ते कसं कळंल मला?" दगड झिजून त्याला टाकी लावायची वेळ झाली की त्याचा आवाज बदलतो, आणि तो तुम्हाला कानानंच ओळखायचा असे. दगडाचं तुम्हाला ऐकू यायचं. आमचं यायचं नाही. रात्री जेवताना आई ओरडायची, तुम्ही ओरडायचात, शेजाऱ्यांना वाटायचं रोजच भांडण चालू आहे. मी पहिली आले ते तुम्हाला तीनदा सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "ठेव तिकडं."

आणि मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता, साहेब लोकांच्या जीपा धुरळा उडवत जायच्या आणि आपल्याकडे दळायला दाणा नव्हता. गिरणी बंद पडली. अक्का शाळा सोडून रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. तिच्या हाताचे फोड मला अजून दिसतात. मी लहान, म्हणून घरी. तुम्ही ओसरीवर बसलेले. थोड्या दिवसांनी एका दुपारी मी भिंतीकडे तोंड करून, आपली हळूच, कविता पाठ करते आहे, आणि तुम्ही म्हणता, "दुसरी ओळ चुकली बघ." मी वळून बघते. तुम्हाला ऐकू आलं! त्यानंतर आपण काय काय बोललो, अप्पा. हळू आवाजात. तुमचा हळू आवाज किती मऊ होता, ते मला तोवर माहीतच नव्हतं.

मी रेघ सरकवली नाही. मे महिन्याचाच हिशेब दिला. गवंडी परत गेला, लग्न पुढे ढकललंय, अक्का फोन उचलत नाही. शेवटचं बोलली ते एवढंच, "अप्पा असते तर माझी बाजू घेतली असती." घेतलीही असती तुम्ही. वर खोल्या चढल्या की त्या घरात उद्या सून येईल, लेकरं होतील, आणि जेवताना सगळे पुन्हा ओरडून बोलतील, एवढंच मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? तिचे हात फुटत होते, ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

म्हणून हे तुम्हालाच लिहिलं. कुठे पाठवायचं नाही, घडी घालून माझ्याजवळच ठेवणार आहे. एकच राहिलं. रोजगार हमीवर मजुरीत गहू मिळायला लागले आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन पुन्हा दारात आल्या, तो दिवस. तुम्ही इंजिनाला हळद-कुंकू वाहिलंत, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात. इंजिन धडधडायला लागलं आणि मी रडायला लागले. तुम्ही आईला ओरडून म्हणालात, "बघ, पोरीला किती आनंद झालाय!" मी मान हलवली.

आनंद झाला नव्हता, अप्पा. सगळा गाव दाण्याची वाट बघत होता, आणि मी रोज देवाला सांगत होते, आमची गिरणी बंदच राहू दे.