डाव्या हातावरची माणसं

लिहून ठेवणार राजपाल किसन सोनकांबळे, वय अठ्ठावीस, शिक्षण आठवी नापास, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, सध्या मुक्काम दुबई. माझं डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यालेलो नाही, कुणी धाक घातलेला नाही. कायद्याचे शब्द खोलीतला जोडीदार कल्याणप्पा सांगतोय, बाकीचं माझं मी लिहितोय. पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडला निघालोय. लांबची वाट आहे. काही बरंवाईट झालं तर मागं भांडण नको.

१. सास्तूरच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आई सुमनबाई हिला मिळावी. त्याला एक अट आहे, ती कलम चारमध्ये. पौर्णिमा, तिला क्रमानं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

२. माझी मोटारसायकल चुलते व्यंकटकाका यांनी "दोन दिवसांसाठी" नेली, ती अजून तिकडंच आहे. ती आता बहीण पौर्णिमाची. काका, टाकी भरून द्या.

३. रग्बीचा चेंडू आणि काळी जर्सी मित्र रणधीर याला. चेंडू बघून हाच म्हणाला होता, "आरं, ह्यो चेंडू हाय का पपई?" मग मोबाईलवर बघून माझ्यासंगं हाका नावाचा नाच शिकला. न्यूझीलंडचे मूळचे माओरी लोक सामन्याआधी मांड्या थोपटत, जीभ काढत करतात तो. एका वरातीत डीजेपुढं आम्ही तो केला, लोक लई हसले. रणधीर, परत करू नको. त्यांच्यात तो वाडवडलांची आठवण ठेवून करतात. मला इथं येऊन कळलं.

४. मी इथं रग्बीच्या मैदानाचं गवत कापतो. माझ्या डाव्या हातावर जे गोंदण आहे ते एका माओरी खेळाडूच्या फोटोवरून सोलापुरात करून घेतलेलं. इथले कोच रावीरी सर स्वतः माओरी. त्यांनी हात बघितला आणि विचारलं, "ही कुणाची माणसं?" मी म्हणालो, डिझाईन आहे सर. तेव्हा त्यांनी सांगितलं, यात त्या खेळाडूचं घराणं आहे, आजा-पणजा सगळे. मग म्हणाले, "तुमच्यात कुणी गोंदत नाही का?"

मी बाही खाली ओढली.

मायच्या उजव्या मनगटावर चांदणी आहे, भोवती ठिपके. जत्रेत तिनं आणि आजीनं एकाच गोंदणारणीपुढं बसून सारखंच गोंदवून घेतलेलं. आजी त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. तिचा फोटो नाही. आणि मी व्हिडिओ कॉलवर म्हणालो, "पौर्णिमाला बघायला पाहुणे येतेत, ते हिरवं पुसून घे, अडाणी दिसतंय." पैसेही मीच धाडले. उमरग्याच्या दवाखान्यात पहिल्या खेपेत ठिपके गेले. चांदणीची खेप बाकी आहे. परवा फोनवर थांब म्हणालो, तर म्हणते, "अर्धं ठिवून काय करू रं? पैसे भरलेत न्हवं!"

माय, पैसे बुडू दे. अट हीच, की तू परत त्या दवाखान्यात जायचं न्हाय. गेलीस तर घर, शिल्लक, सगळं व्यंकटकाकाला.

५. माझं गोंदण पुसू का, असं रावीरी सरांना विचारलं. म्हणाले, "मी कोण सांगणार? ज्यांचं आहे त्यांना विचार." न्यूझीलंडात त्या खेळाडूच्या घरच्या म्हाताऱ्यांपुढं ते मला उभं करणार आहेत. फिरायला मी कायम एका पायावर तयार. या वेळी तो पाय उचलत न्हाय.

६. मेलो तर जाळण्याआधी डाव्या हाताला पांढरं कापड गुंडाळा. ती माणसं आपली न्हाईत, त्यांची माफी मागा. उजवा हात कोरा आहे. त्यावर मायनं पेनानं तिची चांदणी काढावी, ठिपके आठवतील तेवढे. जिवंत आलो तर तेच सुईनं करून घेईन. माय, दोन्ही वेळेला बघून काढायला तुझं मनगट लागणार आहे.

हे वाचून, कल्याणप्पाकडून तपासून, खाली नाव घातलं.

राजपाल किसन सोनकांबळे (सही)

साक्षीदार:
१. कल्याणप्पा, खोलीतला जोडीदार (सही)
२. रावीरी, कोच (सही, मजकूर इंग्रजीत समजावून सांगितला)

ठिकाण: दुबई
तारीख: ९ मार्च २०२६