पोटातल्या बिया

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आई गेल्यापासून बाबांची अन्नावरची वासनाच उडाली आहे. मी दुहेरी पाळी करून घरी येतो, तर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर नळीने भरवावं लागेल. मी अगदी मेटाकुटीला आलोय. तुझ्या त्या दगडातल्या पक्ष्यांतून मान वर काढ आणि काहीतरी सुचव. रागावू नकोस.
तुझा धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ. मान वर काढायची म्हटली तरी निघत नाही, आखडली आहे. दिवसभर भिंगाखाली सुईने दगड कोरते, तेव्हा कुठे नखाएवढं हाड मोकळं होतं.

हे बाबांना वाचून दाखव. लाखो वर्षांपूर्वी इथे तळं होतं. हवामान फिरलं, पाऊस हटला, तळं आटत गेलं. वरच्या कोरड्या थरांत मासे खाणारे पक्षी दिसेनासे होतात. पण परवा तिथेच एक सापडला. चोच लांब, मासे धरायची, आणि पोटात बिया. घशाखाली उतरत नसतील बिचाऱ्याच्या, तरी गिळल्या. बाबांना म्हणावं, पाखरालाही कळतं ते तुम्हाला कळू नये? मला रजा मिळेलसं दिसत नाही. साहेबांना अहवाल हवाय. तूही वेळेवर जेव.
तुझी दमलेली ताई

१४ ऑगस्ट

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. धाकट्याने पत्र वाचून दाखवलं आणि वाचता वाचताच त्याला डुलकी लागली. पोरगा फार थकतो गं. त्याच्या स्वयंपाकावर माझा राग नाही. तुझी आई समोर बसून टोमणे मारायची, त्या नादात ताट कधी रिकामं व्हायचं कळायचं नाही. आता घास तोंडात घोळवत बसतो, आणि मग नकोच वाटतो.

पक्षी शहाणा होता, मान्य. पण एक लिहायचं राहिलं तुझं. त्याच्या शेजारी दुसरा होता का?
तुझे बाबा

१८ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. तो पक्षी सापडला ती दगडाची सगळी लादी पुन्हा तपासली. दुसरा नाही. एकटाच होता. पोटात बिया होत्या म्हणून तो जगला असं मी धरून चालले होते. तसं काही दिसत नाही, बिया पोटात तशाच राहिल्या आणि तो गेला.

दगड झाकून ठेवलाय, त्याला घाई नाही. साहेब कुरकुरले, कुरकुरू देत. शनिवारी दुपारी पोचते. माझा स्वयंपाक तुम्हाला ठाऊकच आहे. समोर बसून खुशाल नावं ठेवा. तोवर एवढं करा, धाकटा कामावरून आला की त्याला झोपू देऊ नका. आधी समोर बसवा आणि दोघं जेवा.

लोभ आहेच, भूक असू द्यावी.
तुमची मोठी