माझ्या नावाची ओळ

बुधवार, संध्याकाळ

आज पांडेसरा भागातल्या आमच्या कापडरंगाईच्या ऑफिसात शेठनी मी लिहिलेल्या रंगांच्या प्रोग्रॅमचं कौतुक केलं, पण माझ्यासोबत काम करणाऱ्या जिग्नेशभाईंचं! बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये सगळीकडे त्यांचंच नाव. आणि मला नोकरीत पक्कं करायचं की नाही, हे शेठ याच आठवड्यात ठरवणार.

जिग्नेशभाईच म्हणाले, "शेठ, आ तो रोहिणीनुं काम छे."

कॉम्प्युटर आम्हा दोघांत एकच. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत नावाची ओळ त्यांची. ती बदलली, तर त्यांचं काम माझ्या नावावर जाईल. त्यांनी दाखवलं, प्रत्येक प्रोजेक्टचीही स्वतःची अशी फाइल असते, आणि तिथे जे लिहू तेच गिट मानतं. आमच्या घरासारखंच की! बाहेर गुजराती, उंबरा ओलांडला की अहिराणी.

मी माझ्या प्रोजेक्टात ती ओळ लिहिली. जुन्या नोंदी तशाच राहतील, त्याची चुटपुट आहेच. पण आजच्या शेवटच्या बदलापुढे रोहिणी पाटील!

घरी आई म्हणाली, "काय वं, एकटीच हासी ऱ्हायनी?"

"मनं नाव उनं."

"कोठे, पेपरमा?"

"नही वं माय, मना कामवर."