आईला बोलतं करा

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! गाडी लागली, पिशवीचा बंद तुटला, छत्री सीटखालीच राहिली, तरी मन कसं प्रसन्न आहे. घर ऐसपैस, भिंती जाड, आत शिरताच गार वाटतं. माझी खोली वर, खिडकीतून अंगण आणि फाटक दिसतं. घरची सून, म्हणजे वहिनी, गोऱ्या, लगबगीच्या. मी आल्या आल्या त्यांनी आंघोळीला पाणी काढलं आणि पिशवीचा बंदसुद्धा शिवून दिला. त्यांचे यजमान, दादा, उंच आणि अबोल.

पेशंट म्हणजे दादांच्या आई. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. स्पीच थेरपीसाठी घरी राहायलाच कुणीतरी हवं होतं, म्हणून मी. दोघांचं पालुपद एकच: मॅडम, काहीही करा, पण आईला बोलतं करा. सांगताना वहिनींचे डोळे भरून आले. सासूच्या बोलण्यासाठी झुरणारी सून मी तरी पहिल्यांदाच पाहिली. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणते, नीट चौकशी कर, तिजोरीच्या किल्ल्या सापडत नसतील!

४ तारीख, मंगळवार

कामाला लागले. पेशंटला घरात सगळे ‘बाई’ म्हणतात, मुलगासुद्धा. असतं काही घरांत. मीही बाईच म्हणते.

आमची पद्धत अशी: दोघींनी शेजारी शेजारी आरशासमोर बसायचं. मी ओठ मिटायचे, उघडायचे, गाल फुगवायचे, जीभ बाहेर काढायची. पेशंटने आरशात बघून तसंच करायचं. बाई हुशार आहेत, सगळं समजतं, डोळे लखलखीत. पण सहकार्य शून्य! औषधाचा चमचा बघून पोरं जशी तोंड मिटतात, तशा ओठ घट्ट मिटून बसल्या. शेवटी मी इतकी वेडीवाकडी तोंडं केली की त्यांना हसू फुटलं. अर्धंच, डावीकडचं, पण फार गोड.

त्यांची खोली मागच्या बाजूची, कोंदट. पुढची मोठी खोली बंद असते. तिथे हलवूया का, असं मी सुचवलं. वहिनी दचकल्याच. ती आईची खोली आहे, म्हणाल्या. मला काही कळलं नाही. मग या कोण?

८ तारीख, शनिवार

आवाज फुटला! ‘प’. ओठ मिटून, हवा धरून, स्वच्छ ‘प’. मी टाळ्याच वाजवल्या. पाणी हवंय असं वाटून पेला पुढे केला, तर मानेने नाही म्हणाल्या आणि पुन्हा ‘प’. पुन्हा पेला. शेवटी डाव्या हाताने त्यांनी पेला उडवून दिला, सगळं पाणी माझ्या अंगावर. राग येणं ही सुधारणेचीच खूण असते. वहिनींना सांगितलं, तर त्या धावत पुढच्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि दाराला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या.

११ तारीख, मंगळवार

आज दादांनी पुढची खोली उघडली. मला म्हणाले, आता तुम्ही घरच्याच झालात, आईला भेटा.

आत देवी आहे. मूर्ती नव्हे, कमरेएवढा एक धोंडा, शेंदराचे थर चढून चढून गोलसर झालेला. त्यावर दोन चांदीचे डोळे बसवलेत. डोळे आहेत, तोंड नाही.

मग वहिनींनी सगळं सांगितलं. या घरात ‘आई’ म्हणजे ही. बाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून ही त्यांच्या अंगात यायची, त्यांच्या तोंडाने बोलायची. लांबून माणसं यायची. आई कडक, चुकलं तर फाडून खाईल, पण पोटाशी धरलं तर सोडायची नाही. बाईंची वाचा गेली तशी आईही मुकी झाली. मी म्हटलं, मी उपचार बाईंवर करतेय. वहिनी हसून म्हणाल्या, तेच ते.

शेवटचं काय बोलली होती आई, मी विचारलं. एका गवंड्याचं पोर तापाने फणफणलं होतं. आई म्हणाली, दवाखाना नको, माझ्या पदरात घाल. त्यांनी घातलं. मग? मग आईने ठेवून घेतलं, वहिनी म्हणाल्या, जणू पोर आजोळी राहायला गेलंय. त्याच संध्याकाळी बाईंना झटका आला.

हसण्यावारी न्यावं असं खूप वाटतंय. पण त्या खोलीत मी उभी होते तेव्हा ते डोळे माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते.

१४ तारीख, शुक्रवार

आज बाईंनी पहिला शब्द उच्चारला. माझा हात डाव्या हातात धरून, आरशात नाही, थेट माझ्याकडे बघत. ‘प’ आणि मग ‘ळ’. ‘ळ’! किती अवघड ध्वनी, जीभ मागे वळवावी लागते, चांगल्या बोलणाऱ्यांचीही दांडी उडते. मला इतका आनंद झाला की मी तीनदा म्हणवून घेतला. पळ. पळ. पळ.

जिना चढून वर आले, हे लिहायला बसले, आणि आता कुठे डोक्यात प्रकाश पडला की त्या काय म्हणत होत्या.

ओठ घट्ट मिटून बसायच्या, तो बाईंचा हट्ट नव्हता. त्यांना बोलायचंच नव्हतं. मुकेपणी ती बाई सहा महिने सुखात होती, आणि मी रोज तिचं तोंड उघडत बसले.

१७ तारीख, सोमवार

काल दादांना सांगितलं, मला जमायचं नाही, मी निघते. आज सकाळी बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्या आरशासमोर बसल्या होत्या. मी शेजारी बसले, सवयीने.

त्यांनी ओठ मिटले. आरशात माझेही मिटले. त्यांनी उघडले, माझे उघडले. मी मुद्दाम करत नव्हते. माझ्याकडून नक्कल होत होती, आणि थांबवता येत नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याही करत नव्हत्या.

मग त्यांचा उजवा हात, तो मेलेला हात, उठला आणि माझ्या केसांवरून फिरला. आणि बाईंच्या तोंडून दुसराच आवाज आला, भरदार, मायेचा: ठके, दमलीस गं? बस इथे.

ठकी मला फक्त आई म्हणायची. माझी आई. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा ती गेली. तो हाक मारायचा सूर मी विसरले होते. आज कानावर पडला तेव्हा कळलं, की विसरले नव्हते.

मी गेले नाही. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

१९ तारीख, बुधवार

बाई गेल्या. दुपारी, झोपेतच. चेहरा इतका सैल, इतका हलका! शाळा सुटलेल्या पोरीसारखा.

घरात कुणी हंबरडा फोडला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी तेवढ्या रडल्या, पण बाईंसाठी नाही. मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, इतकी वर्षं मी रोज आईपुढे केस सोडून बसले, मला का नाही घेतलं? तुम्ही तर हात जोडायलाही तयार नव्हता. आणि मग वाकून माझ्या पाया पडल्या.

मी म्हटलं, वहिनी, उठा, काय हे. म्हणायचं होतं. शब्द यायला वेळ लागला, जणू आधी कुणीतरी चघळून बघत होतं —

२० तारीख, गुरुवार

सकाळीच पिशवी उचलून निघाले. फाटकाशी कुणी अडवलं नाही. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपाशी गेले, गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं.

काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. खिडकीतल्या माणसाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तो बाहेर आला, हात जोडले, आपल्या बायकोबद्दल काहीतरी विचारू लागला. माझं तोंड उत्तर देत होतं. मग रांगेतली माणसं — रांग माझ्याकडे वळली —

त्यांनीच मला रिक्षात बसवून इथे परत आणलं. प्रेमाने. सांभाळून.

२१ तारीख, शुक्रवार

मावशीला फोन लावला. एकच वाक्य घोकलं होतं: मावशी, मला घ्यायला ये. पलीकडून ती अगदी लहान आवाजात म्हणाली — ताई? ताई, तू?

तिची ताई म्हणजे माझी आई.

मी ओरडले, मी आहे गं, मी! पण ते आतल्या आत. बाहेर काय गेलं कुणास ठाऊक. फोन बंद झाला. आता उचलत नाही —

वहिनींनी माझी वेणी सोडली. मी सोडू दिली.

२२ तारीख, शनिवार, सकाळ

अंगण भरलंय. बातमी पसरली, आई बोलायला लागली.

खिडकीतून दिसतंय. पुढेच एक बाई बसलीय, मांडीवर पोर, मुलगी. पोरीचे ओठ निळसर, श्वास लागलाय. एवढं मला कळतं. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. दुपारपर्यंत — नाही टिकायची.

आणि ती बाई माझी वाट बघतेय.

खाली हाका मारताहेत. जिन्यावर वहिनी —

बोलणं माझं राहिलं नाही. हात आहे. लिहिणं अजून माझं आहे. चिठ्ठी खाली टाकली, दादांनी न वाचता कपाळाला लावली, खिशात ठेवली. म्हणजे बोलावंच लागणार. पेशंटला सांगते तेच करायचं. वाक्य आधी लिहायचं, डोळ्यांनी धरायचं, मग तोंडात घ्यायचं. पुन्हा पुन्हा. जिभेला वळण लागेपर्यंत. एकदाच नीट आलं तरी पुरे. एकदाच —

ताई, मुलीला दवाखान्यात न्या.

ताई, मुलीला दवाखान्यात न्या.

ताई, मुलीला दवाखान्यात न्या.

ताई, मुलीला आत्ता दवाखान्यात

ताई, मुलीला

मुलीला घाबरू नकोस, दे इकडे, माझ्या पदरा